पक्क्या नोकरीची खुर्ची

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा लेथकाम आणि पंपदुरुस्ती, शिक्षण गावच्या शाळेत दहावीपर्यंत, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या शेडमध्ये बसून लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बिघाड हृदयात आहे, डोक्यात नाही. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, कोणाची भीड नाही. भीड होती, ती काल संपली.

ती कशी संपली ते आधी सांगतो, म्हणजे पुढची कलमे कोणाला तऱ्हेवाईक वाटणार नाहीत.

काल दुपारी माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, एका माणसाला घेऊन शेडमध्ये आला. दादा फौजेतून निवृत्त झालेला आहे. त्याच्यासोबतचा माणूस मशीन विकत घ्यायला आला होता. माझ्यादेखत त्याने लेथला टेप लावली.

"किती भरली?" दादाने विचारले.

"सहा फूट."

"मग टेम्पोत सहज बसेल."

मी तिथेच स्टुलावर होतो. म्हणालो, "दादा, माझंही माप घेऊन ठेव. साडेपाच फूट. एकाच फेरीत दोन्ही कामं होतील."

दादा रागावला नाही. तो माणूस गेल्यावर माझ्याजवळ बसून हळूच म्हणाला, "अरे, तुझ्याच भल्याचं बघतोय. उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर पोरीने काय हे लोखंड चाटायचं? मशीन विकू, तिला वर्षभर चांगल्या क्लासला घालू. एकदा तिची सरकारी नोकरी पक्की झाली की तू सुटलास, मी सुटलो."

माझी मुलगी त्या वेळी लेथवरच काम करत होती. तिने मशीन बंद केले, हात पुसले आणि विचारले, "काका, मला कुणी विचारलं का?"

"तुला काय विचारायचं? तू लहान आहेस."

मुलगी तेवीस वर्षांची आहे. दादा तिच्या वयाचा असताना सीमेवर बंदूक घेऊन उभा होता आणि त्याला कोणी लहान म्हणत नव्हते. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम १. राहते घर, तीन खोल्या, पुढचे अंगण आणि माझ्या नावावरची सगळी शिल्लक माझ्या बायकोला. तिने ते ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे. तिला सल्ला देण्याचा अधिकार मी कोणालाही देत नाही. माझे तिला एवढेच सांगणे आहे की स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी करकरते ती मी तीन वर्षे करतो करतो म्हणत राहिलो. सुताराच्या घरी मोडका पाट, तसे झाले. क्षमा असावी.

कलम २. घरामागची शेड, सहा फुटी लेथ, ड्रिलिंग मशीन, ग्राइंडर, सगळी हत्यारे, मापाची पेटी आणि दारावरची पाटी माझ्या मुलीला. यात अट नाही. तिला परीक्षा द्यावीशी वाटली तर द्यावी, पास झाली तर नोकरी करावी, शेडला कुलूप लावावे की उघडी ठेवावी हेही तिने ठरवावे. पण ते तिने ठरवावे. माझ्या मागे कोणी "तुझ्या बापाची शेवटची इच्छा होती" असे म्हणून तिला काही सांगू लागला, तर त्याला हे कलम दाखवावे. माझी शेवटची इच्छा इथे लिहिली आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

ती चार वर्षे परीक्षा देते आहे. गेल्या वेळी दीड गुणाने राहिली. निकालाच्या दिवशी घरात सुतक पडल्यासारखी माणसे जमली. ती तासभर ऐकून घेऊन शेडमध्ये आली. मी एक पंप चाचणीला लावला होता. तिने लांब पेचकस उचलला, त्याचे टोक पंपाच्या अंगाला टेकवले, मूठ कानाला लावली आणि म्हणाली, "बाबा, मागचं बेअरिंग रडतंय." मी म्हणालो, काल नवीन घातलंय. म्हणाली, "नवीन असेल, पण रडतंय." उघडून पाहिले तर बेअरिंगच्या खोबणीत केसाएवढी चीर. मला तेहेतीस वर्षांनी जे ऐकू येत नाही ते तिला ऐकू येते. असा कान कोणत्या परीक्षेत तपासतात ते मला माहीत नाही. तपासत असते तर दीड गुण कमी पडले नसते.

कलम ३. हे कलम खुर्चीचे आहे. लांबेल.

आमचे वडील, आबा, एका सरकारी कचेरीत शिपाई होते. चौतीस वर्षे साहेबांच्या दाराबाहेर उभे राहिले. स्टूल होते, पण घंटा वाजल्यावर बसलेला शिपाई दिसणे त्यांना अपमानाचे वाटे; साहेबांच्या नव्हे, स्वतःच्या. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना एक खुर्ची दिली. हाताची, वेताच्या बैठकीची, पाठीवर पांढऱ्या रंगात "नग क्र. ४१७" असे लिहिलेली. मोडीत काढलेली होती, मागचा उजवा पाय तुटला होता. आबांनी ती डोक्यावरून चालत घरी आणली. मी सोळा वर्षांचा होतो आणि नुकताच मास्तरांच्या शेडमध्ये कामाला लागलो होतो. मास्तर म्हणजे माझे गुरू, ज्यांनी मला लोखंड शिकवले. मी लोखंडी पाय करून बसवला. आजही ती त्या पायावर उभी आहे.

आबांनी ती दारासमोर मांडली आणि नियम सांगितला: "ज्याची नोकरी पक्की, तो या खुर्चीवर. बाकीचे सतरंजीवर." जुने लोक म्हणत, उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. आमच्या घराने ती म्हण शीर्षासनाला लावली.

आबा बसत. दादा सुट्टीवर आला की तो बसे. बहिणीचे लग्न झाल्यावर आमचे दाजी, जे कारकून आहेत, बसू लागले. मी सतरंजीवर. पहिल्यांदा गंमत होती. मग सवय झाली, आणि सवय गमतीपेक्षा वाईट.

माझ्या लग्नाची बोलणी करायला मुलीकडची माणसे आली तेव्हा दादा वर्दीत खुर्चीवर बसला होता. सासऱ्यांनी त्याच्याकडे समाधानाने पाहून विचारले, "मुलगा हाच ना?" आबा म्हणाले, "नाही, तो तिकडचा. खालचा." सासऱ्यांचा चेहरा मला अजून दिसतो. बायकोने पुढे कितीतरी वर्षांनी सांगितले, "मला तर तुम्हीच बरे वाटलात. खुर्चीतला माणूस पाठ टेकून बसला होता. पाणी द्यायला तुम्ही उठलात."

आबा बारा वर्षांपूर्वी गेले. नियम गेला नाही. परवा डॉक्टरांकडून आल्यावर मला दारापुढच्या पायऱ्या चढून धाप लागली होती. खुर्ची रिकामी होती. मी सतरंजीवर बसलो. कोणी मला अडवले नसते. मीच बसलो. त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

सदर खुर्ची, नग क्र. ४१७, मी शेडच्या दाराशी ठेवण्यास सांगत आहे. जो काम घेऊन येईल आणि ज्याला थांबावे लागेल त्याने तिच्यावर बसावे. त्याला "काय करता" असे कोणीही विचारू नये.

कलम ४. माझ्या हत्यारांच्या पेटीत वरचा कप्पा उचलला की खाली पत्र्याची तबकडी आहे. तिच्याखाली मेणकापडात गुंडाळलेले एक पत्र आहे. ते पंचवीस वर्षांपूर्वीचे आहे. पाणीपुरवठा विभागात सहायक पंपचालक म्हणून माझी नेमणूक झाल्याचे ते पत्र आहे. पक्की नोकरी. शिक्का, जावक क्रमांक, सगळे आहे.

घरात सगळ्यांना वाटते की माझी निवड झाली नाही. त्याआधी फौजेच्या भरतीत माझे सपाट तळवे पाहून मला रांगेतून काढले होते, त्यामुळे ते सगळ्यांना पटले. "सपाट पायाचा म्हणून लोखंडाला चिकटला," हा दाजींचा विनोद मी पंचवीस वर्षे ऐकतो आहे. खरे काय ते आज लिहितो.

अर्जावर मी मास्तरांच्या शेडचा पत्ता दिला होता, कारण दिवसभर मी तिथेच असे. म्हणून पत्र आबांच्या हाती पडले नाही. रुजू होण्याच्या शेवटच्या दिवशी मी धुतलेला सदरा घालून त्या कचेरीत गेलो. कारकून जागेवर नव्हते. बाकावर बसलो. समोरच्या आवारात एक पंप गवतात पडला होता. मोठा, चांगल्या घडणीचा. दीड तास दुसरे पाहण्यासारखे काही नव्हते, म्हणून उठून जवळ गेलो आणि शाफ्ट हाताने हलवून पाहिला.

कारकून आले. म्हणाले, "ए, त्याला हात लावू नको. तो निर्लेखनात आहे, मोडीत काढायचाय."

मी म्हणालो, "साहेब, याचा फक्त शाफ्टभोवतीचा बुश झिजलाय. दोन तासांचं काम आहे."

"त्याची फाइल चार वर्षांपासून फिरतेय."

"पण बुश—"

"तू रुजू व्हायला आलायस की पंप दुरुस्त करायला?"

त्यांनी ते चिडून विचारले नव्हते. हसून, आपल्यातलाच समजून विचारले होते. माणूस चांगला होता, चहाही सांगितला होता. मी त्या प्रश्नाचा खरोखर विचार केला. देवाला मनातल्या मनात विचारले. आतून जे आले ते बोललो, "दुरुस्त करायला." चहा यायच्या आत मी रस्त्यावर होतो.

घरी येऊन आबांना सांगितले, "यादीत नाव नव्हतं." आबा म्हणाले, "असू दे. देवाच्या मनात नसेल."

देवावर तो आळ आला, आणि मी तो आजवर उतरवला नाही. आज उतरवत आहे. देवाने दिले होते. मी घेतले नाही.

दोन वर्षांनी तो पंप भंगारात निघाला. मास्तरांनी घेतला, मी बुश बसवला आणि तळाला छिन्नीने तीन टिंबे ठोकली. एका ठेकेदाराने तो विकत नेला. नऊ वर्षांनी एक पंप तातडीच्या दुरुस्तीला आला. गावाचे पाणी बंद होते. उलटा केला तर खाली तीन टिंबे. कुठून आला म्हणून विचारले, तर त्याच विभागाच्या टाकीवरून. आजही तो तिथेच चालतो आणि खराब झाला की माझ्याकडे येतो. टाकीवरचे पंपचालक मला "डॉक्टर" म्हणतात. मी त्यांच्यातला एक होणार होतो हे त्यांना माहीत नाही.

पश्चात्ताप आहे का? खोटे बोलल्याचा आहे. आबा ते खोटे उराशी घेऊन गेले, याचा फार आहे. बाकावरून उठल्याचा नाही. काल नव्हता, आज नाही, आणि सोमवारी टेबलावर निजेन तेव्हाही नसेल.

पण खोट्याला दुसरे खोटे जोडायचे नाही, म्हणून हेही लिहितो. पगारी रजा म्हणजे काय ते डॉक्टरांनी "तीन महिने विश्रांती" असे लिहिले तेव्हा मला कळले. माझे बोट लेथच्या फिरत्या चकमध्ये सापडले त्या महिन्यात बायकोने घर कसे चालवले ते मी तिला विचारलेले नाही; उत्तर ऐकवणार नाही म्हणून. दादाला दर महिन्याला पेन्शन येते तेव्हा माझ्या मनात काहीच येत नाही असे मी म्हणणार नाही. पक्क्या नोकरीत सुख आहे. मी ते नाकारत नाही. त्या सुखासाठी बाकीच्यांनी खाली बसावे, हे नाकारतो.

कलम ५. दाजींना एक जुना पितळी इंपेलर, वजन अंदाजे दोन किलो. पंपाच्या पोटात पाणी ढकलणारे चाक असते, ते. त्यांच्या टेबलावरचे कागद पंख्याने उडतात अशी त्यांची नेहमीची तक्रार असते. वजन म्हणून ठेवावा. "खासगी म्हणजे काय, आज आहे उद्या नाही," असे ते मला दर भेटीला म्हणतात. हा इंपेलर चाळीस वर्षे चालला आहे आणि टेबलावर आणखी चाळीस टिकेल.

कलम ६. वेल्डर माझ्याबरोबर एकोणीस वर्षे आहे. त्याला वेल्डिंगचा सेट, दोन्ही मुखवटे, आणि शेडमधली पश्चिमेकडची जागा तो काम करील तोवर. आमच्यात सहा वर्षे अबोला होता, एका फाटकाच्या मापावरून. माप माझे चुकले होते. हे त्याला तोंडी सांगणे जमले नाही, म्हणून इथे.

कलम ७. दादा. मी त्याला काहीही ठेवत नाही. कारण हे की मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये असे वकिलांनी सांगितले. मला दादाची सही हवी आहे, म्हणजे उद्या हे मला माहीत नव्हते असे त्याला म्हणता येणार नाही. तो शब्दाचा पक्का आहे. एकदा सही केली की चौकी सोडणार नाही.

त्याच्याबद्दल एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. त्याच्या डाव्या पायाला तीनच बोटे आहेत. दोन बर्फात गेली. त्या रात्री त्याच्या सोबत्याला ताप होता आणि दादाने त्याची पाळी स्वतः केली. ती अशी गेली हे घरात कोणाला माहीत नाही. मला त्याने शेडमध्ये सांगितले, कारण त्याच्या बुटासाठी मी लोखंडी पट्टी करून दिली होती. फौजेच्या नोकरीला माझ्यादेखत कोणी हलके म्हणेल तर त्याची गाठ माझ्याशी आहे. निवृत्त झाल्यावर दादा दुपारी शेडमध्ये येऊन बसायचा. म्हणायचा, "घरात करमत नाही रे. इथं निदान काहीतरी चालू असतं." मग अशा जागेला काल टेप का लावून घेतलीस, दादा?

कलम ८. माझ्यामागे शेड एक दिवसापेक्षा जास्त बंद ठेवू नये. उन्हाळा तोंडावर आहे आणि पंप माणसाचे दुःख बघून थांबत नाहीत. मशीन सुरू करण्याआधी क्षणभर डोळे मिटावेत, देवासाठी. मग उघडावेत, बोटांसाठी. त्यानंतरच स्विच दाबावा.

वरील मजकूर आज सकाळी शेडमध्ये दादा, डॉक्टर, बायको आणि मुलगी यांना मी मोठ्याने वाचून दाखवला. यापुढच्या ओळी त्यानंतर, सही करण्यापूर्वी, सर्वांसमोर लिहिल्या आहेत.

खुर्ची सकाळीच शेडमध्ये आणली होती. सवयीप्रमाणे दादा तिच्यावर बसला. चौथे कलम संपल्यावर त्याने हात पुढे केला. मुलीने पेटीतून पत्र काढून दिले. त्याने ते दोनदा वाचले आणि शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे तू इतकी वर्षं सतरंजीवर..."

"हो."

"आणि आम्ही जे काय बोलत होतो ते..."

"ऐकत होतो."

"आबांना सांगायला हवं होतंस, गाढवा."

"हो."

पुढची कलमे त्याने मान खाली घालून ऐकली. बोटांचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, "हे कशाला लिहिलंस?" मी म्हणालो, खरं आहे म्हणून. वाचून झाल्यावर तो उठला आणि खुर्चीकडे बोट करून म्हणाला, "बस. बसून सही कर. हक्क आहे तुझा."

मी म्हणालो, "नको. आपल्या घरात बसून कोणाचं पोट भरलंय, दादा? आबा दाराबाहेर उभे, तू चौकीवर उभा, मी लेथपुढे उभा. तिच्यावर बसायला आपण फक्त घरी यायचो."

बायको म्हणाली, "मग निदान धाप लागेल असं तरी बोलू नका." मुलीने एक फळी आणली, खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकली आणि म्हणाली, "कागद इथे ठेवा. उंची बरोबर आहे." फळीवर कागद ठेवून, उभ्यानेच, मी या ओळी लिहीत आहे.

दादाने विचारले, "मी सही केली की मला यातलं काही मिळणार नाही ना?"

"काही नाही."

"खुर्चीसुद्धा?"

"काम घेऊन आलास तर बसायला मिळेल."

"बरं. आण ते पेन." मग थांबला. "आधी एक फोन करतो." त्याने कालच्या त्या माणसाला फोन लावला. फौजेतल्या माणसाला हळू बोलता येत नाही, म्हणून आम्हा सर्वांना ऐकू आले: "हां, मीच. टेम्पो पाठवू नका. नाही, भावाचा प्रश्न नाही. मालकीण विकत नाही म्हणते."

मी अजून जिवंत आहे आणि शेड अजून माझी आहे. तरी मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. सोमवारी वाचलो तरी यातला एकही शब्द बदलणार नाही.

ठिकाण: घरामागची शेड
दिनांक: १४ मार्च, शुक्रवार, सकाळी साडेदहा

सही (उभ्याने)
लेथवाला

आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. आम्हीही त्याच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार पहिला: सही
थोरला भाऊ, निवृत्त फौजी (उभ्याने)

साक्षीदार दुसरा: सही
डॉक्टर (उभ्याने, दुसरी खुर्ची नव्हती)